मोठ्या लॉ फर्ममध्ये कमी वेळ काम मागायचंय? मग दिवस मोजून मागू नका

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये कॉर्पोरेट टीममध्ये सहा वर्षं झाली, आता सीनियर असोसिएट. मुलगी दहा महिन्यांची. नवऱ्याची नोकरी नाशिकच्या अंबडला, घर गंगापूर रोडला, सासर-माहेर दोन्ही नाशिकमध्येच. फर्म सोडायची नाही, पण पूर्वीसारखं रात्री अकरापर्यंत बसणं आता होणार नाही. "आठवड्यातून तीन दिवस काम, साठ टक्के पैसे, त्यातलं बरंचसं नाशिकमधून, असं मागू का? आणि मागितलं की पार्टनरशिप कायमची गेली का?"

जरूर मागा. फक्त "तीन दिवस" हे शब्द अर्जात घालू नका. मी स्वतः अशा व्यवस्थेत काही वर्षं काढली आणि पुढे टीम सांभाळताना असे अर्ज माझ्याकडेच यायला लागले. जे अर्ज दिवसांवर बेतलेले होते ते सहा महिन्यांत ढेपाळले. टिकले ते कामाच्या आवाक्यावर बेतलेले.

आधी हिशेब करून बघू. समजा टार्गेट वर्षाला 1,800 बिलेबल तासांचं, म्हणजे क्लायंटला बिल लावता येणाऱ्या तासांचं, आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. सुट्ट्या वजा जाता 48 आठवडे धरले तर आठवड्याला साडेसदतीस तास होतात. त्याचे साठ टक्के साडेबावीस, म्हणजे तीन दिवसांत रोजचे साडेसात. ऐकायला बरं वाटतं. पण साडेसात तास बिल व्हायचे तर माणूस साधारण दहा तास खुर्चीत लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय जे बिल होत नाही ते काम साठ टक्क्यांवर येत नाही. सोमवारची टीम मीटिंग तासाभराची असते आणि तुमच्यासाठीही ती तासाभराचीच राहते. ज्युनियरचा मसुदा तपासणं, पिचसाठी स्लाइड करून देणं, नव्या अधिसूचनेवर क्लायंटला टिपण पाठवणं, टाइमशीट भरणं, हे सगळं तसंच. पूर्णवेळ माणसाचे त्यात आठवड्याला आठ तास जात असतील, तर तुमचे सात तरी जातीलच. म्हणजे त्याचे साडेपंचेचाळीस, तुमचे साडेएकोणतीस. एकही रात्र जागली नाही तरी साठ टक्के पैशात पासष्ट टक्के काम झालं. ही गळती छोटी आहे आणि मी असते तर ती सोडून दिली असती. मोठी गळती पुढे आहे.

गुरुवार तुमचा सुट्टीचा दिवस आहे असं धरा. शुक्रवारी साइनिंग. बुधवारी रात्री समोरच्या वकिलांकडून शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटचा नवा मसुदा येतो, अर्ध्याहून जास्त कलमांवर लाल खुणा. इन्डेम्निटीची (नुकसानभरपाईच्या हमीची) मर्यादा बदललीय, संचालक नेमण्याचा हक्क बदललाय, आणि या दोन गोष्टींवर तीन आठवडे चाललेलं बोलणं टीममध्ये फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गुरुवारी तुम्ही काम कराल. पार्टनरने फोन केला नाही तरी कराल, कारण क्लायंट तुमचा आहे आणि मसुदाही तुमचाच. यात कुणाची दुष्टबुद्धी नसते. मग दुसऱ्या आठवड्यात "परवाचा गुरुवार आज घेते" म्हणायला जीभ रेटत नाही. असे पाच-सहा गुरुवार गेले की टीमला तुम्ही गुरुवारी उपलब्ध असता याची सवय होते. पैसे मात्र साठच टक्के.

म्हणून हिशेब आठवड्याचा न ठेवता तिमाहीचा ठेवा. तिमाहीला 270 बिलेबल तास ठरले, झाले 330, तर वरच्या 60 तासांचं काय करायचं हे आधीच लिहिलेलं हवं: एक तर पूर्णवेळाच्या दराने पैसे, नाही तर पुढच्या तिमाहीत तेवढी सूट. कोणता पर्याय, हे तिमाही संपल्यावर पंधरा दिवसांत ठरायला हवं. वेगळी नोंद ठेवायची गरज नाही, टाइमशीटमध्ये सहा-सहा मिनिटांचा हिशेब आहेच. मोठ्या फर्ममध्ये ही एक सोय नक्की असते, इतकी बारीक मोजदाद क्वचितच कुठल्या व्यवसायात होत असेल. आतापर्यंत ती तुमच्यावर नजर ठेवायला वापरली गेली, आता तुम्ही वापरा.

पण हिशेब झाल्यावर मिळतो तो मोबदला. मुलीजवळचा वेळ मिळवायचा असेल तर कोणती मॅटर, म्हणजे प्रकरणं, घ्यायची, इथूनच सुरुवात करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: आयपीओचं काम, लिलावातली खरेदी आणि चालू डीलमधलं पहिल्या फळीचं काम, या तिन्हींपासून निदान पहिलं वर्ष लांब राहा. त्यांचं घड्याळ मर्चंट बँकर आणि समोरच्या बाजूच्या हातात असतं. सल्ल्याचं काम घ्या. एखाद्या कंपनीचे रोजचे करार, कामगार कायदा, फेमाची (परकीय चलन कायद्याची) प्रकरणं, माहिती-संरक्षणाचा 2023 चा कायदा (त्याने कंपन्यांचे बरेच जुने करार पुन्हा उघडायला लावलेत), लवादातले लेखी युक्तिवाद, डिलिजन्सचा, म्हणजे व्यवहाराआधी कंपनीची कागदपत्रं तपासल्याचा, अहवाल. डिलिजन्सला मुदत असते, पण डेटा रूममधली ती कागदपत्रं वाचायला रात्र की दुपार याने फरक पडत नाही. जमिनीच्या टायटलचं काम तर नाशिकमध्ये बसून मुंबईपेक्षा सोपं. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) वाचता येणारा कॉर्पोरेट वकील मुंबईच्या काचेच्या इमारतींत कमीच सापडतो. गोदामं, सौर प्रकल्प, वायनरी यांच्या व्यवहारांत तो लागतोच.

आणखी एक. सहा क्लायंटचे तुकडे घेऊ नका. एक-दोन क्लायंट पूर्ण घ्या. सहा ठिकाणी थोडं-थोडं काम असलं की सहा पार्टनर तुम्हाला "फक्त अर्धा तास" मागतात, आणि सहाही जणांना वाटतं की आपण फारच कमी मागितलं. एक क्लायंट तुमच्या नावावर असला की फर्मलाही तुम्ही कुठे उपयोगी आहात ते नेमकं सांगता येतं. पुढे पार्टनरशिपचा विषय निघतो तेव्हा तोच क्लायंट कामी येतो.

कोर्टकाम करणाऱ्यांना हे सगळं लागू नाही. तारखा आधी कळतात हे खरं, पण बोर्ड, म्हणजे दिवसाच्या सुनावण्यांची यादी, आदल्या संध्याकाळी लागतं आणि तातडीच्या मनाई हुकुमाला दिवस-रात्र नसते. हायकोर्टात आणि एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर राहण्याची सोय आली म्हणून थोडं सुसह्य झालं, इतकंच.

आता कायदा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक वेळ मागता येते. बारा महिन्यांत दोन अर्ज करता येतात आणि मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, तरी निदान उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे तेवढंही नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली, 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आलं, आणि रजेनंतर घरून काम करण्याचा उल्लेखही आला. पण तो कसा? कामाचं स्वरूप तसं असेल तर, आणि दोघांच्या संमतीने. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. कमी तासांच्या कामाबद्दल एक ओळ नाही.

आणि हे सगळं "कर्मचाऱ्या"साठी. तुम्ही कर्मचारी आहात का? पत्र काढून बघा. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये असोसिएट रिटेनर असतात: पगार नाही, व्यावसायिक फी, दहा टक्के टीडीएस, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. याला कारणही आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे तुम्हाला मातृत्वाची जी रजा मिळाली असेल, ती बहुधा फर्मच्या धोरणातून आली, कायद्यातून नव्हे. धोरण उद्या बदलू शकतं. म्हणून तुमच्या बाबतीत रिटेनरशिपचं पत्र हाच काय तो कायदा, आणि जे त्यात नाही ते तुम्हाला मिळालेलं नाही. एचआर "आपली पॉलिसी फ्लेक्सिबल आहे" म्हणेल. ऐकून घ्या आणि कलम मागा.

याच पत्रात आणखी एक कलम सापडेल: फर्मशिवाय दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही. मुंबईत असताना ते जाणवत नाही, नाशिकला आलात की आठ दिवसांत जाणवेल. काकांच्या मित्राचा भाडेकरार, नणंदेच्या बिल्डरची रेराची तक्रार, "वकील घरातच आहे" म्हटल्यावर लोक पेढ्यांसोबत फाइलही घेऊन येतात. पैसे घेतले नाहीत तरी हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. सातपूरच्या ज्या कारखान्याविरुद्ध तुम्ही शेजाऱ्याला नोटीस लिहून दिली, तो फर्मच्या एखाद्या क्लायंटचा पुरवठादार निघू शकतो. एक वाक्य घालून घ्या: जवळच्या नातेवाइकांची, फर्मला आधी कळवून आणि कॉन्फ्लिक्ट तपासून, विनामोबदला कामं चालतील. बाकीच्यांना सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या चांगल्या वकिलांचे नंबर द्या. त्यांच्याशी ओळख वाढलेली पुढे बरीच.

उरलेल्या वेळात काही करायचं मनात असेल तर सनद (वकिलीचा परवाना) सांभाळून. कायदा शिकवायला परवानगी आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत. नाशिकमध्ये लॉ कॉलेजं आहेत आणि करार किंवा कंपनी कायदा शिकवणारी प्रॅक्टिसमधली माणसं त्यांना हवीच असतात. एखाद्या कंपनीची अर्धवेळ नोकरी घ्यायची तर नियम 52 खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची संमती आधी घ्या. पूर्णवेळ नोकरी घेतली तर कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. स्वतः धंदा चालवायला मनाई आहे. दुसरा व्यवसाय आणि वकिली एकाच वेळी करण्याबाबत आपलं बार कौन्सिल किती कडक आहे ते बघायचं तर चुलानी प्रकरण वाचा: मुंबईत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी एलएलबी करून सनद मागितली, कौन्सिलने नाकारली आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नकार कायम केला. वकिलीला पूर्ण लक्ष लागतं, हा त्यामागचा सूर. हा सूर मोठ्या फर्मच्या पार्टनरांच्या मनातही पक्का असतो, आणि तुमचा अर्ज वाचताना तो ऐकू येणारच.

पैशांचं थोडक्यात. साठ टक्के फीबरोबर बोनसचा उंबरठाही साठ टक्के व्हायला हवा. तो 1,800 वरच राहिला तर बोनस कधीच मिळणार नाही, आणि हे कुणी आपणहून लक्षात आणून देत नाही. आरोग्य विमा पूर्ण राहील का, ते विचारा. फी वर्षाला 50 लाखांच्या आत येत असेल तर अनुमानित करपद्धतीत निम्मं उत्पन्न धरून कर भरता येतो, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि आगाऊ कराचा हप्ताही 15 मार्चपर्यंत एकच. सीएला विचारून घ्या, एवढ्यासाठी त्याची फी वसूल होते.

पार्टनरशिप. गेली का? लांबली, एवढंच खात्रीने म्हणता येतं. साठ टक्क्यांची दोन वर्षं अनुभवाची दोन वर्षं धरणार की सव्वा, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा, तोंडी का होईना. मला स्वतःला थोडी लांबण मान्य होती. सगळ्यांच्या बरोबरीने पोचायचं आणि तासही कमी द्यायचे, हे सहकाऱ्यांना पटत नाही आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. धोका वेगळाच असतो: चांगलं काम हळूहळू तुमच्याकडे येईनासं होतं. "तिला कशाला त्रास, बाळ लहान आहे," असं म्हणत एखादा भला पार्टनरच मोठं मॅटर दुसऱ्याला देतो. त्याच्या चांगुलपणाला आवर घालायला सांगावं लागतं: "सर, मला विचारा. नाही म्हणायचं ते मी म्हणेन."

म्हणूनच अर्जात बाळाबद्दल एका वाक्यापेक्षा जास्त लिहू नका. डायलिसिसवर असलेल्या वडिलांसाठी एका पुरुष सहकाऱ्याने अशीच व्यवस्था मागितली होती. त्याच्या अर्जात सगळं कामाबद्दल होतं, आणि चर्चाही कामाबद्दलच झाली. आयांच्या अर्जांवरची चर्चा मात्र दहा मिनिटांत पाळणाघरावर पोचायची. पुरुषांनी हे जितकं जास्त मागितलं तितकं बायकांना सोपं गेलं, हे मी पाहिलं आहे. तुमच्या टीममधला कुणी पुरुष मनात असून गप्प असेल तर त्यालाही बोलतं करा.

आधी कुणाशी बोलायचं? ज्या पार्टनरचं काम तुम्ही करता त्याच्याशी, एचआरशी नंतर. एखादं क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराची पूर्तता, नीट पार पडल्यावरचा आठवडा चांगला. वार्षिक मूल्यांकनाच्या तोंडावर नको, कारण मग फीवाढ आणि हा विषय एकमेकांत अडकतात. सोबत एक पान न्या. त्यातला मुख्य भाग साधारण असा असावा, भाषा तुमच्या फर्मच्या वळणाची करा:

"दर तिमाहीला 270 बिलेबल तास. अमुक आणि तमुक क्लायंटचं सगळं सल्लाकाम माझ्याकडे. चालू डीलमध्ये फक्त डिलिजन्स आणि ठरावीक मसुदे. मी नसताना अमुक सहकारी बघतील, त्यांना मॅटरची कल्पना दर सोमवारी दिलेली असेल. संध्याकाळी सहा ते नऊ मी उपलब्ध नाही. त्या वेळात तातडीचं असेल तर फोन; मेल नऊनंतर बघितला जाईल. तातडीचं म्हणजे त्याच रात्री सही, फायलिंग किंवा कोर्टाची मुदत. 270 च्या वर गेलेल्या तासांचा हिशेब तिमाहीनंतर पंधरा दिवसांत. सहा महिन्यांनी आढावा."

यातलं "तातडीचं म्हणजे" हे वाक्य कुणी गाळायला सांगितलं तर गाळू नका. त्याच्याशिवाय सगळंच तातडीचं ठरतं. आणि सहकाऱ्याचं नाव घालण्याआधी त्याला विचारा. तुमचं कमी झालेलं काम कुणाच्या तरी पानात पडणार आहे. त्याला त्याबद्दल काय मिळतंय, हे पार्टनरला तुम्हीच विचारलंत तर तो सहकारी तुमच्या बाजूने उभा राहील.

नाशिकचं म्हणाल तर अंतर हा आता मोठा अडथळा नाही. पंचवटी एक्स्प्रेसने पासधारक वर्षानुवर्षं रोज जाऊन-येऊन नोकऱ्या करत आले आहेत, आणि जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून गाडीनेही कसारा घाट टाळता येतो. मुंबईला जायचा दिवस मात्र गर्दी कमी असलेला बघून ठरवू नका. टीम जमते आणि पार्टनर जागेवर असतो तो दिवस घ्या. चांगली मॅटर कॉलवर वाटली जात नाहीत, दारात उभं राहून बोलताना वाटली जातात.

घरी दार लागणारी एक खोली लागेल. कॉलेज रोडच्या को-वर्किंग जागा छान आहेत, पण काचेच्या खोलीत बसून कंपनीच्या विक्रीवर बोलू नका. नाशिक लहान आहे, पलीकडे बसलेला त्याच कंपनीचा डीलर असायचा. फर्मचा लॅपटॉप, फर्मचं व्हीपीएन, घरात एक साधा प्रिंटर. क्लायंटचा करार कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्हवरून छापायचा नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल राहते. एवढ्या एका कारणावरून फर्मची आयटी टीम सगळी व्यवस्था बंद पाडू शकते.

जाता जाता: या देशात वकिली करणारी पहिली स्त्री, कॉर्नेलिया सोराबजी, जन्मली ती नाशिकमध्ये, 1866 साली. 1892 मध्ये तिने ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्रियांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा आला 1923 मध्ये. मधल्या काळात तिने पडद्यातल्या इस्टेटवाल्या बायकांना सल्ला देण्याचं काम सरकारी पदावरून केलं. दारं बंद असताना तिने कामाचा घाटच वेगळा बसवला.

फर्म नाहीच म्हणाली तर? एकदा "नाही" आलं की लगेच राजीनामा नको. तीन महिन्यांची चाचणी मागा, किंवा साठऐवजी ऐंशी टक्के. ऐंशीवर मात्र मी सावध करीन: त्यात फी कापली जाते आणि काम जवळजवळ शंभरच राहतं. त्यापेक्षा पूर्ण फी आणि घरून काम बरं. फर्मबाहेर, मोठ्या फर्ममधून निघालेल्या वकिलांना प्रकल्पापुरतं काम देणाऱ्या कंपन्या परदेशात कधीच रुळल्या; अमेरिकेत अ‍ॅक्सिऑम 2000 साली सुरू झाली, तर लंडनमध्ये 2007 मध्ये एका फर्मनेच असा विभाग काढला. आपल्याकडे हे काम ओळखीतून येतं, जुन्या फर्मचे लोक आणि जुने क्लायंट यांच्याकडून. म्हणून जायचं झालं तरी भांडून जाऊ नका. अंबड-सातपूर-सिन्नरच्या कंपन्यांना करार वाचणारा माणूस हवा असतो, पण त्यांच्या फीची सवय व्हायला मुंबईच्या वकिलाला वेळ लागतो.

शेवटी एक काम, सही करण्याआधीचं. रिटेनरशिप संपवण्याची नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. एक महिन्याची असेल, तर कमी वेळाची व्यवस्था मागे घ्यायला फर्मने तीन महिन्यांची वेगळी नोटीस द्यावी असं लिहून घ्या. पाळणाघर, गाडी, घरभाडं हे महिन्याभरात उलटं फिरवता येत नाही. आणि हे सगळं मूळ पत्राच्या दुरुस्तीपत्रात, दोघांच्या सह्यांनी. मेलवर आलेल्या "ओके, लेट्स ट्राय" वर विसंबू नका. पार्टनर फर्म बदलतात.